उलट्या पावली

जाऊबाई पन्नास वर्षं उलट्या पावली चालल्या आणि एकदाही पडल्या नाहीत. पडल्या त्या सरळ चालताना, डोळ्यांसमोर ठेवलेल्या बादलीला अडखळून. ती बादली मीच तिथे ठेवली होती. हे त्यांनी मला पुढे किती वेळा ऐकवलं, त्याची गणती नाही.

आमचं काम दोर वळण्याचं. घायपाताची पानं कुजवायची, धुवायची, त्यांचा वाख, म्हणजे तंतू, काढून उन्हात वाळवायचा आणि पिंजून त्याचे दोर करायचे. घरामागे शंभर हात लांब सरळ पट्टी आहे, तिला आम्ही नुसतं वाट म्हणतो. वाटेच्या एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला खुंटा. जाऊबाई कमरेला वाखाचा पुंजका गुंडाळायच्या, त्याचं टोक चाकाच्या आकड्याला अडकवायच्या आणि वाख सोडत सोडत मागे मागे सरकत जायच्या. मी चाक फिरवायची. त्यांच्या बोटांतून वाख सुटत जायचा, त्याला पीळ बसत जायचा. असे तीन पेड झाले की ते एकत्र वळून दोर. खुंट्यापाशी पोचल्यावर त्या दोराला सुरगाठ मारायच्या, म्हणजे शेपूट ओढलं की क्षणात सुटणारी गाठ, कारण दिवसातून वीस वेळा ती सोडावी लागते. मग ओलं फडकं घेऊन दोर पुसत पुसत चाकाकडे यायच्या. पुसल्याने दोराची कुसळं बसतात.

मी या घरात आले तेव्हा आधी मलाच चालायला लावलं होतं. जाऊबाई म्हणाल्या, मागे बघू नकोस, मागे बघितलंस की हात ढिला पडतो. मी तीनदा मागे बघितलं आणि तीनदा पेड तुटला. त्या म्हणाल्या, तू चाकावर बस, तिथे तुझ्या मागे भिंतच आहे. तेव्हा बसले ती शेहेचाळीस वर्षं. म्हणजे शेहेचाळीस वर्षं रोज सकाळी मी या बाईला, तोंड माझ्याकडे ठेवून, माझ्यापासून लांब जाताना बघत आले. आमचे दोघींचे नवरे गेले, त्यांचा मुलगा शहरात बसगाड्यांच्या दुरुस्तीच्या कामाला लागला, माझ्या दोन्ही मुली आपापल्या घरी गेल्या. चाक आणि खुंटा राहिले, आणि आम्ही दोघी.

त्या वर्षी उन्हाळा लांबला होता. वाख उत्तम निघाला होता, पांढरा, लांब, आणि सगळा छपरात रचून ठेवला होता. हवेत ओल यायच्या आत तो वळून झाला नाही तर काळा पडतो. एका सकाळी मी वाख भिजवायला बादली भरून न्हाणीच्या दारात ठेवली आणि चुलीकडे वळले. मागून आवाज आला. जाऊबाई एका कुशीवर पडल्या होत्या, पाण्यात, आणि माझ्याकडे न बघता बादलीकडे बघत होत्या.

"उचल आधी ती," म्हणाल्या. "अजून कुणी पडेल."

खुब्याचं हाड मोडलं होतं. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत सळई घातली. दहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले की आमचं काम झालं, पण हिला एवढ्यात घरी नेऊ नका, घरी नेलीत तर ही खाटेवरून उठायची नाही. दवाखाना आणि घर यांच्यामध्ये एक जागा आहे, तिथे म्हाताऱ्या माणसांना पुन्हा उभं करतात, सहा आठवडे तिथे ठेवा. त्या जागेचं नाव उभारी केंद्र. मुलींच्या जुन्या शाळेची इमारत, बारा खाटा, आमच्या घरापासून बसने अर्धा तास.

मुलगा आला होता. पोरगा चांगला आहे, पण भीतीने माणूस कडक होतो तसा तो झाला होता. आईसमोरच त्याने मला सांगितलं. सहा आठवड्यांनी केंद्राची माणसं आपल्या घरी येऊन बघणार आहेत. आई एकटी खाटेवरून उठली, घरात चालली, परसातल्या संडासापर्यंत जाऊन आली आणि त्यांनी तसं लिहून दिलं, तर राहू दे. नाहीतर ती माझ्याकडे येईल.

"आणि काकू, मग त्यात तुमचं काही चालायचं नाही," तो म्हणाला.

तो तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. जाऊबाई छताकडे बघत म्हणाल्या, "तिथून मी एकदाच खाली येणार. चौघांच्या खांद्यावर."

दोर एकटीला वळता येत नाही, हे तिघांनाही माहीत होतं.

*

केंद्रात वर्गांतले फळे तसेच ठेवले होते. रोज सकाळी सिस्टर त्यावर खडूने ज्याचं त्याचं त्या दिवसाचं काम लिहायची. खाट एक, खुर्चीत बसून जेवणे. खाट पाच, जिन्याच्या तीन पायऱ्या. जाऊबाईंची खाट चार. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी सकाळच्या बसने गेले की आधी फळा वाचून दाखवायची. पहिल्या आठवड्यात दोन-दोन दिवसांनी काम बदललं. उठून बसणे, आधाराने उभे राहणे, खुर्चीपर्यंत. मग आलं 'दारापर्यंत', आणि तिथे गाडी अडली.

चौकटीसारखा चार पायांचा वॉकर असतो. तो पुढे ठेवायचा, मग पाऊल टाकायचं. व्यायाम शिकवणारी मुलगी पंचविशीची असेल, अंगाने काटकुळी, पण शंभर किलोच्या माणसाला कमरेच्या पट्ट्याला धरून सहज उभं करायची. सगळे तिला व्यायामवाली म्हणायचे. ती सांगायची, आजी, समोर बघा, खाली नको. जाऊबाई खालीच बघायच्या. वॉकर पुढे ठेवला की तो हातापासून लांब जायचा आणि त्यांचं सगळं अंग मागे यायचं. दोन पावलं टाकली की पाय जमिनीला खिळायचे. कपाळावर घाम, ओठ पांढरे. मग खुर्ची आणावी लागायची.

दोन आठवडे फळ्यावर 'दारापर्यंत' तेच राहिलं. सिस्टरने शेवटी ते पुसून पुन्हा लिहायचंही सोडलं.

खाट पाचवर निवृत्त पोस्टमन होता, अर्धांगातून उठलेला. तो रोज काठी टेकत दारापर्यंत जायचा, तिथून वळायचा आणि जाऊबाईंच्या खाटेपाशी थांबायचा. "माझी पत्रं पोचायला लागली," म्हणायचा, "तुमचं पाकीट अजून इथेच?" जाऊबाई म्हणायच्या, पाकिटावर तिकीट कमी पडलंय. हसायच्या. पण तो पुढे गेला की भिंतीकडे तोंड करायच्या.

त्यांना सगळ्यात जास्त लागलं ते भांड्याचं. बिछान्यातच शौचाचं भांडं द्यावं लागायचं आणि ते द्यायला कधी कधी पुरुष यायचा. एकदा सिस्टर कौतुकाने म्हणाली, शाब्बास, आमचं बाळ किती शहाणं आहे. जाऊबाईंनी तिच्याकडे शांतपणे बघितलं. "बाळ नाही मी," म्हणाल्या. "बाळाला पडायची भीती नसते."

दुपारी मी घरी यायची. छपरातला वाख तसाच होता. मी टोक आकड्याला अडकवून स्वतः मागे जायचा प्रयत्न केला, पण चाक कोण फिरवणार. मग टोक खुंट्याला बांधून चाकापाशी बसले, तर वाख कोण सोडणार. एका संध्याकाळी नुसतीच चाकापाशी बसून रिकाम्या वाटेकडे बघत राहिले. शेहेचाळीस वर्षांत ती वाट मी कधी रिकामी पाहिली नव्हती. तिच्या मधोमध जाऊबाईंच्या टाचांनी पडलेले दोन चर होते, आजवर मला कधी दिसले नव्हते, कारण त्यांच्यावर नेहमी जाऊबाई असायच्या.

चौथ्या आठवड्यात मुलगा येऊन गेला. जाऊबाई खोलीच्या मध्यावर अडकल्या तेव्हा तो दारात उभा होता. त्याने आईला आधार देऊन बसवलं, पाणी पाजलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की त्याने खिडकीजवळची जागा रिकामी केली आहे, खाट घेतली आहे. आवाज इतका हळू ठेवला होता की मला त्याचा राग करता आला नाही.

*

दुसऱ्या दिवशी मी पिशवीत वाख घेऊन गेले. वाटलं, नुसतं पडून बोटं आखडतील, हाताला काहीतरी काम असू दे. सोबत हातभिंगरीही घेतली, लाकडी, आकड्याची, लहान दोऱ्या वळायला वापरतो ती. जाऊबाईंनी वाख नाकाशी नेला. मग विंचरायला लागल्या. अर्ध्या तासात त्यांच्या मांडीवर असा पुंजका तयार झाला की सगळी खोली बघत होती.

व्यायामवाली जेवायला गेली होती. जाऊबाईंनी पुंजका कमरेला गुंडाळला आणि मला म्हणाल्या, टोक धर.

मी म्हणाले, बसल्या बसल्या वळा. त्या म्हणाल्या, बसून वळलेला दोर तू कधी बघितलायस का? मला उभी कर आणि टोक धर.

माझी चूक म्हणा, पण शेहेचाळीस वर्षं त्यांनी टोक धर म्हटलं की मी धरत आले. मी त्यांची खुर्ची दाराशी सरकवली, त्यांना उठवलं, त्यांच्या पाठीमागे लांब वऱ्हांडा मोकळा होता. मी भिंगरीच्या आकड्याला टोक अडकवलं आणि फिरवायला लागले. वाखाला ताण बसला. जाऊबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि मागे एक पाऊल टाकलं. मग दुसरं. ऑपरेशनचा पाय, चांगला पाय, ऑपरेशनचा पाय. टाच आधी टेकायची, बोटं मग. मान ताठ. बोटांतून वाख सुटत होता आणि आमच्या दोघींच्या मधे पेड वाढत होता, सरळ, गाठ नाही, बारीक-जाड नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी भिंगरी फिरवत राहिले, कारण थांबले असते तर पेड सुटला असता.

वीस पावलं गेल्या असतील. तेवढ्यात औषधांची गाडी घेऊन सिस्टर कोपऱ्यावरून वळली आणि ओरडली. दोघी-तिघी धावल्या. जाऊबाईंना धरून खुर्चीत बसवलं, पेड जमिनीवर पडला. मला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं, की तुम्ही नातेवाईक आहात की वैरी, पुन्हा हाड मोडलं असतं तर कोण जबाबदार, उद्यापासून भेटायला येऊ नका. सहासष्टाव्या वर्षी शाळेच्या वऱ्हांड्यात मान खाली घालून उभी राहिले.

व्यायामवाली आली तीही रागाने लाल होती. तिने सगळं ऐकलं. मग पडलेला पेड उचलला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातातून ओढत बघितला आणि विचारलं, "हे सगळं आजी चालत करत होत्या? किती पावलं?"

"वीस," मी म्हणाले.

"वॉकरशिवाय?"

जाऊबाई म्हणाल्या, "तो मेला लांब पळतो. दोर पळत नाही."

व्यायामवालीने जाऊबाईंच्या कमरेला आपला पट्टा बांधला, स्वतः त्यांच्या पाठीमागे उभी राहिली, आणि मला म्हणाली की तुम्ही काय करत होतात ते पुन्हा करा. सिस्टर काही बोलणार होती, तिला हाताने थांबवलं. आम्ही पुन्हा केलं. व्यायामवाली जाऊबाईंच्या मागे मागे, त्यांच्या पायांकडे बघत, स्वतःही उलटी चालत होती. वऱ्हांड्याचं टोक आलं तेव्हा ती मला म्हणाली की पाय पक्का आहे, वजन पूर्ण पडतंय, दोन्ही पावलं सारखी आहेत. पाय अडत नाहीच, पुढचं रिकामं दिसलं की मन अडतं. पण संडासाला काही उलटं जाता येणार नाही, आजी. पुढे चालायला लागेल.

तेव्हा मला फडकं आठवलं.

"जाऊबाई," मी म्हणाले, "दोर पुसत या."

त्यांना लगेच कळलं. पेडाचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं मी माझ्या कमरेशी ताणून धरलं. त्यांच्या हातात हातरुमाल दिला. त्यांनी तो पेडाभोवती धरला आणि पुसत पुसत माझ्याकडे यायला लागल्या, जसं पन्नास वर्षं खुंट्यापासून चाकापर्यंत आल्या होत्या. पुढे तोंड करून. मान वर. वऱ्हांडाभर.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर खाट चारपुढे लिहिलं होतं, दोर पुसणे, दिवसातून सहा वेळा. माझ्या येण्याबद्दल कुणी काही बोललं नाही. पोस्टमनने मला विचारलं, ही डाक कुठे निघाली म्हणे.

*

पुढचे दोन आठवडे आम्ही नोकरीला गेल्यासारख्या वागलो. व्यायामवालीने आधी दोर घट्ट ताणला, मग रोज थोडा सैल केला, मग म्हणाली की आता दोराला फक्त बोटं लावा. खुर्चीतून हात न टेकता उठणं, बसणं, दहा वेळा, वीस वेळा. जाऊबाई मोजताना दावी मोजायच्या. एक दावं, दोन दावी. वीस झाली की म्हणायच्या, आज बाजार चांगला झाला.

केंद्राकडे एक माणूस होता, घरं बघणारा. त्याच्या खिशात सतत मोजपट्टी असायची, म्हणून जाऊबाईंनी त्याचं नाव टेपवाला ठेवलं. तो एकदा आमच्या घरी येऊन सगळं मोजून गेला. खाट फार खाली आहे, पायांखाली विटा घाला. उंबऱ्याला उतार करा. संडासात बसायला उंच खुर्ची लागेल, ती केंद्र देईल. परसदारापासून संडासापर्यंत लोखंडी कठडा बसवायचं त्याने ठरवलं होतं, पण आमच्या भिंतीत खिळा धरेना, माती गळायला लागली. अंगणातही कठड्याला पाया हवा, तो आठ दिवसांत होणार नव्हता.

मी म्हटलं, दोर बांधू का.

त्याने मान हलवली. दोर हलतो, म्हणाला, तो आधार नव्हे. मी त्याला सांगितलं की जाऊबाईंना आधार नको आहे, हाताला वाट हवी आहे. तो बराच वेळ अंगठ्याने मोजपट्टी आत-बाहेर करत राहिला. शेवटी म्हणाला, बांधा, पण ताणून, आणि मी तपासणार.

घरात जुना तीनपदरी दोर होता, नावेसाठी वळलेला आणि परत आलेला. खाटेपासून परसदारापर्यंत एक तुकडा. परसदारापासून अंगणाच्या मधल्या खांबापर्यंत दुसरा, खांबापासून संडासापर्यंत तिसरा. सगळा कमरेच्या उंचीला. एकटीने बांधला, अंगाचा जोर लावून ताणला. हात सोलवटले, पण काम बघून बरं वाटलं. त्या संध्याकाळी मी चार पेले चहा प्यायले असेन.

घरभेटीच्या दिवशी केंद्राच्या गाडीतून जाऊबाई उतरल्या. सोबत व्यायामवाली, टेपवाला. मुलगा आधीच येऊन थांबला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. टेपवाल्याने घरातला दोर दोन्ही हातांनी ओढून पाहिला, अंगणातलाही पाहिला, समाधानाने मान हलवली. जाऊबाईंना खाटेवर बसवलं आणि सगळे बाजूला झाले.

त्या उठल्या. हात टेकला नाही. दोराला बोटं लावली आणि निघाल्या. चुलीजवळून, न्हाणीजवळून गेल्या. न्हाणीच्या दारात थांबून खाली बघितलं, बादली नाही याची खात्री केली आणि माझ्याकडे एक नजर टाकून पुढे गेल्या. परसदाराचा उतार उतरल्या. व्यायामवाली हातभर अंतरावर मागे होती, शिवत नव्हती. मुलगा अंगणाच्या कडेने बरोबरीने चालत होता, दोन्ही हात अर्धवट पुढे करून, जसं लहान मूल चालायला लागल्यावर करतात.

मधल्या खांबापाशी त्यांना एक दोर सोडून दुसरा धरायचा होता. त्यांनी हात पुढे केला. हाताला दोराबरोबर गाठीचं लोंबतं शेपूटही आलं, आणि त्यांनी ओढलं.

मी सुरगाठ मारली होती. आमच्या हातांना दुसरी गाठ येते, पण ती आठवून मारावी लागते, आणि मी काही न आठवता बांधलं होतं. टेपवाल्याने दोर ओढून पाहिला होता, गाठीचं शेपूट कशाला ओढेल तो. शेपूट ओढल्याशिवाय ती गाठ बैलालाही सुटत नाही.

दोर सळकन सुटून जमिनीवर पडला. जाऊबाईंचा हात रिकामा हवेत राहिला, अंग मागे झुकलं. मुलगा झेपावला. व्यायामवालीने त्याच्या छातीला आडवा हात लावला आणि म्हणाली, "थांबा."

पेड तुटला की मागे जाणारा माणूस कोलमडतो, तेव्हा एक टाच झटकन मागे टेकावी लागते. जाऊबाईंच्या वाटेवर पन्नास वर्षांत किती पेड तुटले असतील. त्यांचा पाय मागे गेला, ऑपरेशनचाच पाय. टाच टेकली. गुडघे थोडे वाकले. एकदा अंग डोललं. आणि त्या उभ्या राहिल्या, अंगणाच्या मधोमध, हातात काही नाही, जवळ कुणी नाही.

त्यांनी मुलाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"धाकटे, सुरगाठ मारलीस?"

मी म्हणाले, हाताची सवय.

"आधी बादली, आता गाठ. तुला मला ठेवायचंय की घालवायचंय, ते एकदा ठरव."

मग त्या चालायला लागल्या. दोर जमिनीवर पडला होता, त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. नऊ पावलं होती, मी मोजली. मान वर, नजर संडासाच्या दारावर. पोचल्या, दाराला हात लावला, वळून आम्हा चौघांकडे बघितलं.

"आलेच आहे तर," म्हणाल्या, आणि आत जाऊन कडी लावली.

आम्ही चौघं अंगणात उभे राहिलो. कुणाला कुणाकडे बघावं कळेना. व्यायामवालीचे खांदे हलत होते, ती हसत होती की काय ते मला दिसलं नाही. टेपवाला कागदावर लिहायला लागला. मुलगा संडासाच्या छपराकडे बघत होता, बराच वेळ.

"काकू, शिडी आहे का?" त्याने विचारलं. "इथे वर दिवा नाही. दिवा लावून जातो."

*

घरी सोडल्यावरही केंद्राच्या माणसांनी आम्हाला सोडलं नाही. तीन आठवडे, आठवड्यातून तीनदा व्यायामवाली यायची. ती जाऊबाईंकडून उठाबशा करवून घ्यायची आणि आम्ही तिला वाख पिंजायला बसवायचो. तिला ते कधीच जमलं नाही.

पहिल्याच सकाळी जाऊबाई चाकापाशी जाऊन बसल्या. टेपवाल्याने माझं जुनं स्टूल चार बोटं उंच करून दिलं होतं. मी म्हटलं, ही माझी जागा आहे. त्या म्हणाल्या, होती. व्यायामवालीने मला बसून काम करायला सांगितलंय, तुला नाही.

मी कमरेला पुंजका गुंडाळला. टोक आकड्याला लावलं. त्यांनी चाक फिरवलं आणि मी मागे पाऊल टाकलं, त्यांच्या टाचांनी पाडलेल्या चरांत. दहा पावलांवर खुंटा किती लांब आहे ते बघावंसं वाटलं आणि मान वळली. पेड तुटला. चाकाकडून आवाज आला.

"मागे बघू नकोस, धाकटे. मागे काही नाही. माझ्याकडे बघ."

त्या दिवशी दुपारपर्यंत एकच दोर झाला. कुठे जाड, कुठे बारीक, मधे दोन गुठळ्या. विकण्याजोगा नव्हता. मी तो उकलायला घेतला, तर जाऊबाईंनी हातातून काढून घेतला. फडक्याने पुसत अंगणात गेल्या, मधल्या खांबापाशी उभ्या राहिल्या आणि तिथून संडासापर्यंत तो स्वतः बांधला. गाठ दोनदा फिरवली, दात लावून ताणली, शेपूट आत खोचलं. निरगाठ.

"ओढ," म्हणाल्या.

मी ओढून बघितला. मग सगळं अंग टाकून ओढला. तो अजून तिथेच आहे.